स्त्री की पुरुष? जैविक लिंगाच्या व्याख्येचा वाद

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या मुष्टियुद्धावरून उठलेला गदारोळ वाचकांच्या स्मरणात असेल. अल्जीरियाची इमान खलीफ आणि तैवानची लिन यू-टिंग ह्या दोघींनी आपापल्या वजनगटात सुवर्णपदक मिळवले. दोघींच्या पारपत्रावर 'स्त्री' अशीच नोंद होती. परंतु आदल्याच वर्षी नवी दिल्ली येथे झालेल्या जागतिक स्पर्धेतून आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध संघटनेने त्यांना अपात्र ठरवून बाहेर काढले होते. ऑलिम्पिक समितीने पारपत्र प्रमाण मानले, संघटनेने आपल्या चाचण्यांचा हवाला दिला. त्या दिवसांत मिस्सानंतर चर्चच्या आवारात अनेकांनी एकच प्रश्न केला, "फादर, बाई की बाप्या हे ठरवायला एवढे काय लागते?"

बहुतेक माणसांच्या बाबतीत काहीच लागत नाही. सुईणीने एकदा पाहिले की झाले. थोड्या माणसांच्या बाबतीत मात्र गेल्या दीडशे वर्षांत वैद्यकाने, क्रीडासंस्थांनी आणि न्यायालयांनी निरनिराळी उत्तरे दिली, आणि ती उत्तरे बदलत असताना ज्यांचे आयुष्य मधल्यामध्ये भरडले गेले त्या व्यक्ती हाडामांसाच्या होत्या. त्या इतिहासाचा हा संदर्भलेख आहे.

प्रथम शब्दांविषयी. मराठीत 'लिंग' हा एकच शब्द तीन ओझी वाहतो: व्याकरणातील लिंग, शरीराचे लिंग आणि समाजाने स्त्री-पुरुषांना नेमून दिलेली वागण्याची रीत. ह्या तिसऱ्या अर्थासाठी अभ्यासकांनी 'लिंगभाव' हा शब्द वापरात आणला आहे. प्रस्तुत लेख दुसऱ्या अर्थापुरता, म्हणजे शरीरापुरता आहे. ज्यांचे शरीर निःसंदिग्ध आहे, पण मनाला ते परके वाटते, अशा व्यक्तींचा प्रश्न निराळा. तृतीयपंथी समाजाचा प्रश्नही ह्याहून निराळा. आपल्याकडे सर्वांची एकाच पोत्यात भर घालण्याची सवय असल्यामुळे हे आरंभीच सांगितलेले बरे. (जाता जाता: 'मूल' हा शब्द मराठीने नपुंसकलिंगी ठेवला आहे. ते मूल 'तो' की 'ती' हे पुढे कळते.)

व्याख्या आणि कसोटी

जीवशास्त्राची व्याख्या प्रजननपेशींवर उभी आहे. ज्या देहाची घडण मोठी, स्थिर, अन्नसाठा असलेली अंडपेशी निर्माण करण्याच्या दिशेने झाली आहे तो स्त्रीदेह. ज्याची घडण लहान, चपळ शुक्राणू निर्माण करण्याच्या दिशेने झाली आहे तो पुरुषदेह. ह्या व्याख्येचे सामर्थ्य असे, की ती केवळ माणसाला नव्हे तर कोंबडीला, कासवाला आणि पपईच्या झाडालाही लागू पडते. पक्ष्यांमध्ये दोन भिन्न लिंग-गुणसूत्रे नराकडे नसून मादीकडे असतात. अनेक कासवांचे लिंग तर वाळूत पुरलेल्या अंड्यांना मिळालेल्या उष्णतेवर ठरते. यंत्रणा निरनिराळ्या, पण प्रजननपेशींचे प्रकार दोनच. तिसरा प्रकार आढळलेला नाही. ह्या अर्थाने लिंगे दोन आहेत, ह्याविषयी मला शंका वाटत नाही.

परंतु व्याख्या आणि कसोटी ह्या दोन वस्तू आहेत. सोने म्हणजे काय हे रसायनशास्त्र सांगते. समोरचा दागिना सोन्याचा आहे की नाही हे सांगायला सोनाराला कसाचा दगड लागतो. समोर उभ्या असलेल्या व्यक्तीचे लिंग ठरवताना कोणी तिच्या प्रजननपेशी तपासत नाही. आपण काही खुणा पाहतो, आणि ह्या खुणा शरीरात पायरीपायरीने तयार होतात: गर्भधारणेच्या क्षणी गुणसूत्रे, नंतर त्यांवरील जनुके, सहा-सात आठवड्यांनंतर वृषण किंवा अंडाशय, त्यांतून स्रवणारी संप्रेरके, संप्रेरकांना पेशींनी दिलेला प्रतिसाद, बाह्य अवयव आणि वयात येतानाचे बदल. बहुतेकांच्या बाबतीत सर्व पायऱ्या एकाच दिशेने चढत जातात. काहींच्या बाबतीत एखादी पायरी भलतीकडे वळते.

एक उदाहरण घेऊ. एका मुलीची गुणसूत्रे 'एक्स-वाय' आहेत, म्हणजे सामान्यतः पुरुषाची. पोटात वृषण आहेत, ते टेस्टोस्टेरॉन स्रवतात. मात्र त्या संप्रेरकाला दाद देणारा ग्राही घटक तिच्या पेशींत कामच करत नाही. परिणामी देह जन्मापासून मुलीचाच घडतो, वयात आल्यावरही बाईचाच राहतो; फक्त पाळी येत नाही, आणि बहुधा त्याच कारणाने डॉक्टरकडे गेल्यावर हा प्रकार समजतो. ह्याला अँड्रोजन-असंवेदनशीलता म्हणतात. उलट दिशेचे उदाहरण म्हणजे अधिवृक्क ग्रंथींचा एक जन्मजात विकार: गुणसूत्रे 'एक्स-एक्स', अंडाशय आणि गर्भाशय जागच्या जागी, पण ग्रंथींतून पुरुषी संप्रेरके वाजवीपेक्षा अधिक स्रवल्यामुळे नवजात मुलीचे बाह्य अवयव मुलासारखे दिसू शकतात. तिसरा प्रकार १९७४ साली डॉमिनिकन प्रजासत्ताकातील सालिनास ह्या गावाच्या अभ्यासातून जगाला ठाऊक झाला. तिथे मुली म्हणून वाढवलेल्या काही मुलांचे देह वयात येताना पुरुषाचे होत. गावाला ते परिचित होते, त्यांच्यासाठी गावाने एक नावही ठेवले होते.

अशा व्यक्तींना आंतरलिंगी म्हटले जाते. २००५ साली शिकागो येथे भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीने 'लैंगिक विकासातील विकार' असा शब्दप्रयोग सुचवला. 'विकार' हा शब्द अनेकांना बोचल्यामुळे पुढे 'भिन्नता' हा शब्द अधिक वापरला जाऊ लागला.

अशी माणसे किती? इथेच वाद सुरू होतो. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ ॲन फाउस्टो-स्टर्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली १.७ टक्के हा आकडा मांडला. २००२ साली लेनर्ड सॅक्स ह्या डॉक्टरांनी ०.०१८ टक्के, म्हणजे लाखात १८, असे उत्तर दिले. एवढी तफावत कशी? पहिल्या आकड्यातील सुमारे १.५ टक्का हा वर सांगितलेल्या अधिवृक्क विकाराच्या सौम्य, उशिरा प्रकट होणाऱ्या प्रकाराचा आहे. त्या स्त्रियांच्या स्त्रीत्वाविषयी कोणत्याही सुईणीला शंका आली नसती. सॅक्स ह्यांनी केवळ गुणसूत्रे आणि देह ह्यांची फारकत झालेले किंवा देहावरून निर्णयच करता येत नाही असे लोक मोजले. दोघांच्या बेरजेत चूक नाही. कोणाला मोजायचे ह्याविषयी मतभेद आहे. वर्तमानपत्रांत १.७ हा आकडा सर्रास छापला जातो तेव्हा ही तळटीप कुठेच नसते, हे मला खटकते.

प्रयोगशाळेचा शेवटचा शब्द

जर्मन विकृतिशास्त्रज्ञ एडविन क्लेब्स ह्यांनी १८७६ साली नियम घातला, की ग्रंथीची पेशीरचना पाहावी. वृषण असेल तर पुरुष, अंडाशय असेल तर स्त्री, मग बाह्यरूप काहीही असो. १९०५ साली नेटी स्टीव्हन्स ह्या संशोधिकेने पिठातील किड्यांमध्ये लिंग-गुणसूत्रे ओळखली. त्याच सुमारास एडमंड विल्सनही त्याच निष्कर्षाला पोहोचले. १९४९ साली कॅनडात मरे बार आणि त्यांचे विद्यार्थी बर्ट्राम ह्यांना मांजरीच्या चेतापेशींत एक गडद ठिपका दिसला, जो बोक्याच्या पेशींत नव्हता. १९५९ साली 'वाय' गुणसूत्र पुरुषत्व ठरवते हे माणसात सिद्ध झाले, आणि १९९० साली त्या गुणसूत्रावरील 'एसआरवाय' हे जनुक सापडले. प्रत्येक शोध आला तेव्हा 'आता शेवटचा शब्द मिळाला' असे वाटले.

हा शेवटचा शब्द क्रीडाक्षेत्राने सर्वांत उत्साहाने वापरला. शीतयुद्धाच्या काळात पूर्व युरोपातील धावपटू स्त्रियांविषयी पश्चिमेत कुजबुज होती. १९६६ साली बुडापेस्टच्या युरोपीय स्पर्धेत स्त्री खेळाडूंना विवस्त्र होऊन डॉक्टरांच्या मंडळासमोरून जावे लागले. हा प्रकार लज्जास्पद म्हणून १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकपासून बार ह्यांच्या ठिपक्याची चाचणी आली: गालाच्या आतून पेशी घ्यायच्या, ठिपका दिसला तर प्रमाणपत्र. चाचणी सभ्य होती, पण ती केवळ दुसरे 'एक्स' आहे की नाही एवढेच सांगे. एकच 'एक्स' असलेली, उंचीने ठेंगणी स्त्री तीत नापास झाली असती आणि 'एक्स-एक्स-वाय' असलेला पुरुष उत्तीर्ण. १९७६ साली माँट्रियलला सर्व स्त्री खेळाडूंमधून एकटीला ह्या चाचणीतून सूट होती. ती घोडेस्वार इंग्लंडच्या राणीची कन्या होती.

स्पेनची अडथळ्यांची धावपटू मारिया होसे मार्टिनेझ-पातिन्यो हिला अशी सूट नव्हती. १९८३ साली तिला प्रमाणपत्र मिळाले होते, पण १९८५ मध्ये जपानमधील कोबे येथे जाताना ते घरी राहिले. पुन्हा चाचणी झाली. ठिपका दिसला नाही. दुखापतीचे निमित्त करून बाजूला बसण्याचा सल्ला तिला मिळाला. पुढील वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत तिने तो सल्ला मानला नाही, ती धावली, जिंकली, आणि बातमी फुटली. शिष्यवृत्ती गेली, निवासाची जागा गेली, ज्याच्याशी विवाह ठरला होता तोही गेला. तिला वर वर्णन केलेली संपूर्ण असंवेदनशीलता होती, म्हणजे टेस्टोस्टेरॉनचा काडीचाही उपयोग तिच्या स्नायूंना होऊ शकत नव्हता. फिनलंडचे आनुवंशशास्त्रज्ञ आल्बेर द ला शापेल ह्यांच्या साहाय्याने तिने हे दाखवून दिले आणि १९८८ साली तिला परत घेण्यात आले. तोवर ऐन उमेदीची वर्षे निघून गेली होती.

१९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये ३,३८७ स्त्रियांची जनुकीय चाचणी झाली. आठजणींत 'एसआरवाय' आढळले, आणि अधिक तपासणीनंतर आठहीजणींना खेळू दिले गेले. एवढ्या खटाटोपातून एकही तोतया सापडला नाही. १९९९ साली ऑलिम्पिक समितीने सरसकट चाचणी बंद केली.

संशय आला तर तपासणी, ही रीत मात्र चालू राहिली. आणि ह्या टप्प्यावर हा विषय आपल्या देशात येतो. तामिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यातील एका गरीब मजूर कुटुंबातील शांती सौंदराजन हिने २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटर शर्यतीत रौप्यपदक मिळवले. काही दिवसांतच लिंगचाचणीत ती नापास झाल्याची बातमी जगभर दाखवली गेली आणि पदक काढून घेण्यात आले. तिने जीव देण्याचा प्रयत्न केला. पुढे काही काळ ती वीटभट्टीवर राबत होती. अखेरीस तिच्या राज्याने तिला क्रीडा प्रशिक्षक म्हणून कामावर घेतले, पदक परत मिळाले नाही. तिने कोणताही अपराध केला नव्हता, काही लपवलेही नव्हते. चाचणीपूर्वी ती स्वतःही काही जाणत नव्हती.

२००९ साली बर्लिनमध्ये दक्षिण आफ्रिकेची अठरा वर्षांची कॅस्टर सेमेन्या ८०० मीटरची विजेती झाली, आणि तिच्या देहाची चर्चा ती पदक स्वीकारण्याआधीच सुरू झाली. ह्या वेळी संघटनेने गुणसूत्रे सोडून संप्रेरक धरले: २०११ च्या नियमानुसार रक्तातील टेस्टोस्टेरॉन लिटरमागे १० नॅनोमोलपेक्षा कमी हवे. ओडिशातील विणकर कुटुंबातील द्युती चंद हिला ह्याच नियमामुळे २०१४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतून वगळले गेले. ती क्रीडा लवादाकडे गेली. जुलै २०१५ मध्ये लवादाने नियम स्थगित केला, कारण टेस्टोस्टेरॉनमुळे अशा स्त्रियांना नेमका किती लाभ होतो ह्याचा पुरेसा पुरावा संघटनेला देता आला नाही. द्युतीने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत दोन रौप्यपदके मिळवली. त्याच वर्षी नवा नियम आला: मर्यादा ५ नॅनोमोल, तीही ४०० मीटर ते एक मैल ह्या शर्यतींपुरती. सेमेन्याने त्याला आव्हान दिले. १ मे २०१९ रोजी लवादाने दोन विरुद्ध एक मतांनी सांगितले, की नियम भेदभाव करणारा आहे, तरीही आवश्यक आणि प्रमाणशीर आहे. २०२३ मध्ये मर्यादा २.५ वर आली आणि सर्व शर्यतींना लागू झाली. १० जुलै २०२५ रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या महापीठाने निर्णय दिला, की स्वित्झर्लंडच्या न्यायालयात सेमेन्याच्या तक्रारीची न्याय्य सुनावणी झाली नाही. नियम योग्य की अयोग्य ह्यात महापीठ शिरले नाही.

दुसरी बाजूही तितक्याच आस्थेने ऐकायला हवी. संघटनेने दिलेल्या आकड्यांनुसार स्त्रियांच्या रक्तात साधारणपणे ०.१२ ते १.७९ नॅनोमोल टेस्टोस्टेरॉन असते, पुरुषांच्या रक्तात ७.७ ते २९.४. दोन गटांची सीमा एकमेकींत मिसळत नाही. वयात येताना ज्या देहाने ते संप्रेरक वापरले, त्याची हाडे, स्नायू आणि रक्त वेगळे घडते. उच्च स्तरावरील धावण्यात पुरुष व स्त्री ह्यांच्या वेळांत १० ते १२ टक्क्यांचे अंतर असते. स्त्रियांसाठी स्वतंत्र स्पर्धा ठेवल्या आहेत त्या ह्याच कारणाने. २०१६ साली रिओ येथे ८०० मीटरची तिन्ही पदके ज्यांना मिळाली, त्या तिघीही पुढे ह्या नियमाच्या कक्षेत आल्या. चौथी आलेली कॅनडाची मेलिसा बिशप पदकाविना परतली. तिचे दुःख खोटे होते असे कोणी म्हणू नये.

१ सप्टेंबर २०२५ पासून जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने जागतिक मानांकन स्पर्धांतील महिला गटासाठी 'एसआरवाय' जनुकाची, आयुष्यात एकदाच करायची चाचणी सक्तीची केली. त्याच महिन्यात टोकियोत झालेल्या जागतिक स्पर्धेला ती लागू होती. पातिन्योसारख्या संपूर्ण असंवेदनशीलता असलेल्या स्त्रियांना नियमात अपवाद आहे. अटलांटाचा धडा तेवढा लक्षात राहिला. विशेष म्हणजे ह्या जनुकाच्या शोधात प्रमुख वाटा असलेले अँड्र्यू सिंक्लेअर ह्यांनीच जाहीरपणे विरोध केला. त्यांचे म्हणणे असे, की जनुक आहे एवढेच चाचणी सांगते. ते काम करते का, वृषण तयार झाले का, संप्रेरक स्रवले का, पेशींनी ते वापरले का, हे ती सांगत नाही. माझ्या अल्पमतीप्रमाणे गालावरील चाचणीने अधिक तपासणीची सुरुवात व्हावी, निकाल तिच्यावर लागू नये. आणि ज्या स्त्रीला एखाद्या गटात धावता येणार नाही, तिला तेवढेच सांगावे, तेही बंद दाराआड. 'तू बाई नाहीस' हे सांगण्याचा अधिकार शर्यतीच्या पंचाला नाही.

कायद्याची आणि ख्रिस्तसभेची रीत

२०२५ हे वर्ष कायद्याच्या दृष्टीनेही गाजले. २० जानेवारीला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी काढलेल्या आदेशात गर्भधारणेच्या क्षणी व्यक्ती मोठी प्रजननपेशी निर्माण करणाऱ्या लिंगाची आहे की लहान, ह्यावर स्त्री-पुरुषाची व्याख्या केली गेली. १६ एप्रिलला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या समानता कायद्यातील 'स्त्री' ह्या शब्दाचा अर्थ जैविक स्त्री असाच घ्यावा असे ठरवले. जर्मनीने २०१८ साली जन्मनोंदीत तिसऱ्या पर्यायाची सोय केली होती. तीन देश, तीन वाटा.

जुन्या लोकांना हा प्रश्न नवा नव्हता. रोमन विधिज्ञ उल्पियन ह्यांचा नियम होता, की उभयलिंगी व्यक्तीत जे लिंग वरचढ दिसते ते तिचे मानावे. ख्रिस्तसभेच्या मध्ययुगीन कायद्यानेही तीच दृष्टी घेतली. संत ऑगस्टिन ह्यांनी 'देवाचे नगर' ह्या ग्रंथाच्या सोळाव्या खंडात अशा व्यक्ती विरळ असल्या तरी प्रत्येक काळात आढळतात असे नमूद केले आहे. ज्यूंच्या धर्मशास्त्र-परंपरेतील चर्चा मला सर्वांत मार्मिक वाटते: अशी व्यक्ती काही बाबतींत पुरुषासारखी, काही बाबतींत स्त्रीसारखी, काहींत दोघांसारखी आणि काहींत कोणासारखीच नाही, असे म्हणून रब्बींनी एकेका नियमाचा स्वतंत्र विचार केला. प्रश्न कोणता आहे, ते आधी पाहिले. आणि जन्मतःच विवाहास असमर्थ असणाऱ्यांचा उल्लेख प्रभू येशूनेही, मत्तयकृत शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायात, दोषारोप न करता केला आहे. तोही उत्पत्तीच्या ग्रंथातील नर-नारीच्या निर्मितीचा दाखला दिल्यानंतर लगेच.

आजच्या ख्रिस्तसभेची शिकवण देह ही देणगी मानते, आणि लिंग हे व्यक्तीने मर्जीनुसार निवडायची गोष्ट मानत नाही. परंतु आंतरलिंगी व्यक्तींचा विचार तिने वेगळा केला आहे. कॅथलिक शिक्षणविषयक खात्याच्या २०१९ च्या दस्तऐवजात म्हटले आहे, की लिंग स्पष्ट नसेल तेव्हा उपचाराचा निर्णय वैद्यकाने घ्यावा. आईवडिलांनी, आणि समाजाने तर नव्हेच, मनमानी निवड करू नये. एप्रिल २०२४ मधील 'डिग्नितास इन्फिनिता' ह्या घोषणापत्राने लिंगबदलाच्या शस्त्रक्रियेला नकार देताना, जननेंद्रियांत जन्मतः किंवा पुढे दोष आढळलेल्या व्यक्तीने वैद्यकीय साहाय्य घेणे त्या नकारात मोडत नाही, असे स्पष्ट केले.

घरात असे बाळ जन्मले तर

गेल्या शतकाच्या मध्यावर बाल्टिमोरचे मानसशास्त्रज्ञ जॉन मनी ह्यांनी मांडले होते, की लहानपणी अवयव शस्त्रक्रियेने एका बाजूचे केले आणि मूल त्याप्रमाणे वाढवले की ते तसेच होते. एका अपघातात लिंग गमावलेल्या कॅनडातील मुलाला त्यांच्या सल्ल्याने मुलगी म्हणून वाढवले गेले. किशोरवयात तो पुन्हा मुलगा म्हणून जगू लागला आणि २००४ साली त्याने आत्महत्या केली. तोवर हजारो अर्भकांवर शस्त्रक्रिया झाल्या होत्या. आपल्या देशात मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने २२ एप्रिल २०१९ रोजी आंतरलिंगी अर्भकांवरील अशा शस्त्रक्रियांना मनाई करण्याचा आदेश दिला आणि त्याच वर्षी तामिळनाडू सरकारने, जिवाला धोका असेल तो प्रसंग सोडून, तशी बंदी घातली.

जिवाला धोका हा शब्द मात्र गंभीरपणे घ्यावा. अधिवृक्क विकाराच्या तीव्र प्रकारात बाळाच्या शरीरातील मीठ वाहून जाते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उलट्या होऊन ते दगावू शकते. औषध साधे आहे, पण वेळेवर हवे. बाळाचे अवयव संदिग्ध वाटले तर लाजेने घरात दडवून न ठेवता त्याला लगेच बालरोगतज्ज्ञांकडे, आणि शक्य असेल तिथे संप्रेरकांच्या तज्ज्ञांकडे न्यावे.

अहवालासाठी स्नानसंस्कार लांबवण्याचे कारण नाही. विवाह आणि गुरुदीक्षा ह्या संस्कारांसाठी ख्रिस्तसभेच्या कायद्याला स्त्री-पुरुष भेद पाहावा लागतो, स्नानसंस्कारासाठी नाही. नोंदवहीत काय लिहावे हे सांगणाऱ्या ८७७ व्या कलमात नाव, आईवडील, धर्म-मातापिता, जन्माची व संस्काराची तारीख आणि स्थळ इत्यादी तपशील मागितले आहेत. त्यांत लिंगाचा रकाना नाही. छापील अर्जात असला आणि तो भरता येत नसला, तर धर्मग्राम कार्यालयात तसे सांगावे आणि तो कोरा ठेवावा.